मांजराचे ताट

सुरत शहर मागे टाकून हजिऱ्याच्या दिशेने निघालेला रस्ता इच्छापोर या गावावरून जातो. या रस्त्यावर कारखान्यांची अवजड वाहने अहोरात्र धावत असतात आणि गावाच्या अंगाला जडजवाहिरांच्या उद्योगाची वसाहत उभी राहिली आहे. तेथून आणखी पश्चिमेकडे गेले की सुवाळीचा किनारा लागतो. सतराव्या शतकात विलायतेची गलबते याच किनाऱ्याशी नांगर टाकीत. १६१२ साली इंग्रज आणि पोर्तुगीज यांची आरमारी झुंज याच पाण्यात झाली आणि पुढच्याच वर्षी सुरतेत इंग्रजांच्या वखारीचे बस्तान बसले. शिवछत्रपतींच्या १६६४ आणि १६७० सालच्या स्वाऱ्यांमुळे मराठी माणसाला सुरत ठाऊक आहे ती तिच्या संपत्तीकरिता. परंतु संपत्ती आली की कोठारे आली, कोठारे आली की धान्य आले, आणि धान्यामागोमाग उंदीर हे ठरलेलेच. त्या उंदरांच्या पाठोपाठ जो प्राणी माणसाच्या उंबरठ्यावर येऊन बसला, त्याच्या पोटाचा इतिहास मात्र कोणी फारसा लिहिलेला नाही.

तो पाहण्याचे कारण अगदी घरगुती आहे. इच्छापोरच्या नव्या वसाहतीत काय किंवा उधना-लिंबायतच्या खानदेशी मराठी वस्तीत काय, मांजर पाळणाऱ्या घरापुढे महिन्याच्या अखेरीस एक प्रश्न येऊन ठाकतो. दुकानात मांजराच्या खाद्याच्या रंगीत पिशव्या मांडलेल्या असतात. एकीची किंमत दुसरीच्या तिप्पट, आणि दोन्हींवरचे मांजर सारखेच गुटगुटीत. स्वस्त घ्यावे तर मांजराचे काय होईल, महाग घ्यावे तर घरखर्चाचे काय होईल, अशा पेचात गृहिणी सापडते आणि शेवटी पुष्कळ घरांत या पेचातून सुटण्याचा जुना मार्ग पत्करला जातो: बशीभर दूध आणि त्यात कुस्करलेली भाकरी. हा मार्ग वाटतो तितका निर्धोक नाही. तो कसा नाही हे कळण्यासाठी थोडे मागे जावे लागेल.

मांजर माणसाकडे आले ते आश्रित म्हणून नव्हे, कामगार म्हणून. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात उंदरांच्या उपद्रवावर मांजरे आणि मुंगसे मोकळी सोडावीत असा उपाय सांगितला आहे आणि त्यांना पकडणाऱ्यास किंवा मारणाऱ्यास १२ पणांचा दंड ठरवून दिला आहे. तिकडे भूमध्य समुद्रावर बार्सिलोनाच्या व्यापाऱ्यांत जो सागरी कायदा रूढ होता, त्यातही अशीच तरतूद आढळते: गलबतावर मांजर नसल्यामुळे उंदरांनी माल कुरतडला तर भरपाई गलबताच्या धन्याने द्यावी. दोन्ही ठिकाणी मांजराच्या कामाची कायद्याने दखल घेतली. त्याच्या जेवणाची मात्र कोठेच नाही. शिपायाला शिधा मिळे, खलाशाला शिधा मिळे, मांजराला नाही. त्याचे जेवण त्याच्या कामातच होते.

आणि ते जेवण उत्तम होते, हे येथे मुद्दाम सांगितले पाहिजे. उंदीर म्हणजे मांजराच्या दृष्टीने संपूर्ण ताट. त्यात मांस आहे, चरबी आहे, हाडांतील चुना आहे, काळीज आहे, आणि निम्म्याहून अधिक भाग पाण्याचा आहे. मांजराचे मूळ कोरड्या प्रदेशातील रानमांजरात आहे. भक्ष्यातून पाणी मिळवण्याची त्याच्या कुळाला सवय, म्हणूनच ते आजही वाटीतले पाणी कमीच पिते. कुत्रा माणसाबरोबर राहून भाकरी पचवायला शिकला. मांजराने ते शिक्षण घेतलेच नाही. काही अत्यावश्यक द्रव्ये त्याच्या शरीरात तयारच होत नाहीत किंवा फार थोडी होतात; ती त्याला दुसऱ्या प्राण्याच्या शरीरातून आयतीच घ्यावी लागतात. गाजरापासून 'अ' जीवनसत्त्व बनवण्याची जी कला माणसाला साधते ती मांजराला साधत नाही. पाच-दहा हजार वर्षे माणसाच्या चुलीशी बसूनही हा प्राणी पोटाने रानटीच राहिला आहे.

आता सुरतेकडे वळू. या शहराची एक कीर्ती व्यापाराहून निराळी आहे. १६८९ च्या सुमारास येथे आलेला ओव्हिंग्टन नावाचा इंग्रज पाद्री आणि पुढे अठराव्या शतकात येथे वावरलेला जेम्स फोर्ब्ज या दोघांनीही सुरतेच्या जनावरांच्या इस्पितळाचे मोठ्या नवलाने वर्णन केले आहे. म्हातारे बैल, लंगडे घोडे, शेळ्या, कबुतरे यांना तेथे मरेपर्यंत आसरा मिळे. पाऊणशे वर्षे तेथेच राहिलेल्या एका कासवाचीही फोर्ब्जने नोंद केली आहे. पण सर्वांत विलक्षण गोष्ट ओव्हिंग्टनने सांगितली आहे ती ढेकूण-पिसवांच्या विभागाची. त्या जीवांची उपासमार होऊ नये म्हणून अधूनमधून एखाद्या गरीब माणसाला पैसे देऊन रात्रभर तेथे खाटेवर निजवीत!

परकीय प्रवाशांनी हे हसण्यासाठी लिहिले आणि पुढच्या वाचकांनीही हसण्यासाठीच वाचले. तथापि या हकीकतीत एक शहाणपण दडलेले आहे. ढेकणाला गवत घालून चालत नाही, त्याचे अन्न रक्त आहे, हे त्या महाजनांनी ओळखले होते आणि त्या अन्नाची किंमत रोख मोजली होती. प्रत्येक जीवाला त्याचेच अन्न द्यावे लागते, हा दयेचा पहिला आणि सर्वांत खर्चिक नियम होय. मांजराच्या बाबतीत मात्र हा नियम पाळणे शाकाहारी समाजाला फार अवघड. बैलाला चारा घालण्यात पुण्य आहे, कबुतराला दाणे टाकण्यात पुण्य आहे. मांजराला मासा घालायचा तर माशाचे काय, हा प्रश्न उभा राहतो. तेव्हा या प्रश्नातून वाट काढली ती दुधाने. दूध हिंसेशिवाय मिळते, मांजर ते आनंदाने पिते, आणि पाहणाऱ्याचे मन निवते.

महाराष्ट्रातही निराळे काही घडले नाही. शिंके तुटले आणि बोक्याचे फावले, ही म्हण ज्या घरांत जन्माला आली त्या घरांत शिंक्यावर दूध, दही आणि लोणीच असे. डोळे मिटून दूध पिणारी मांजर हा तर आपल्या भाषेतला ढोंगीपणाचा पुतळाच. म्हणींतून पिढ्यान्पिढ्या ऐकल्यामुळे दूध हेच मांजराचे अन्न, अशी समजूत पक्की झाली. वास्तविक मांजर दूध चोरते ते त्यातील स्निग्धांशाच्या ओढीने. पिलू मोठे झाले की दुधातील साखर पचवण्याची त्याची शक्ती बहुधा ओसरत जाते आणि पुष्कळ मोठ्या मांजरांना दुधाने जुलाब होतात. जुन्या घरात हे खपून जाई, कारण बशीभर दूध पिऊन मांजर माळ्यावर जाई आणि खरे जेवण तेथे करी. दूध हा मेजवानीतला शेवटचा पदार्थ होता. तोच पुढे संपूर्ण जेवण होऊन बसला.

मांजराची किंमत अचानक वाढली ती प्लेगच्या दिवसांत. १८९६ साली मुंबईत साथ आली आणि पुढे देशभर पसरली. उंदीर आणि पिसू यांच्याशी तिचा संबंध स्पष्ट झाल्यावर वऱ्हाडात अमरावतीला असलेले इंडियन मेडिकल सर्व्हिसमधील डॉक्टर अँड्र्यू ब्यूकानन यांनी मांजर हाच प्लेगवरील प्रतिबंधक उपाय आहे, असे आग्रहाने मांडले; त्यांचा लेख १९०८ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आला. ज्या गावांत घरोघर मांजरे, त्या गावांत प्लेग कमी, असा त्यांचा अनुभव. उपाय पुरा नव्हता, कारण मांजरालाही प्लेग होतो आणि त्याच्यापासून तो माणसाला होऊ शकतो हे पुढे सिद्ध झाले. सुरतेला तर १९९४ च्या सप्टेंबरात प्लेगच्या भयाने लाखो माणसे शहर सोडून गेली आणि नंतर शहर सावरले ते कचरा उचलून, गटारे साफ करून. उंदीर कमी झाले, ही माणसाच्या दृष्टीने इष्टच गोष्ट. पण बंद दाराच्या सदनिकेत राहणाऱ्या मांजराचा उरलासुरला शिधा त्याबरोबर गेला.

हा शिधा लंडनसारख्या शहरात शंभर-दीडशे वर्षे आधीच आटला होता. तेथे एकोणिसाव्या शतकात मांजराचे मांस विकणारे फेरीवाले दारोदार हिंडत. म्हाताऱ्या घोड्यांचे मांस उकडून, त्याचे तुकडे लाकडी काडीला टोचून ते किरकोळीत विकीत आणि गरीब घरातली मांजरेही त्यांच्या हाकेची वाट पाहत. दिसायला ओंगळ, पण मांजराच्या दृष्टीने ते योग्य अन्न होते. पुढे धंदा वाढला. जेम्स स्प्रॅट याने १८६० च्या सुमारास कुत्र्यांसाठी बिस्किटे काढली, १९२० नंतर अमेरिकेत घोड्याचे मांस डब्यांत भरून विकले जाऊ लागले. दुसऱ्या महायुद्धात कथलाची टंचाई झाली तेव्हा डबे बंद पडून कोरड्या खाद्याला जोर आला, आणि १९५७ साली धान्य व मांसाचा लगदा यंत्रातून दाबून फुलवलेले दाणे बाजारात उतरले. ते आधी कुत्र्यांसाठी होते. मांजरांची पाळी मागून आली. दाणे स्वस्त, टिकाऊ, हात न बरबटवणारे. मालकाच्या सर्व गरजा त्यांनी भागवल्या.

मांजराच्या गरजा भागल्या की नाही, हे कळायला बराच काळ लागला. फ्रान्सिस पॉटेंजर या डॉक्टरने कॅलिफोर्नियात १९३२ पासून दहा वर्षे शेकडो मांजरांवर प्रयोग केले. कच्चे मांस खाणारी मांजरे धडधाकट राहिली आणि शिजवलेले मांस खाणारी पिढ्यान्पिढ्या खंगत गेली. शिजवण्यात नेमके काय हरवते ते त्याला सांगता आले नाही. १९७५ साली हार्वर्डमधील हेज आणि त्यांच्या सहकाऱ्यांना एक उत्तर सापडले. ज्या मांजरांच्या आहारातील प्रथिने केवळ केसिनची, म्हणजे दुधातल्या प्रथिनाची, होती, त्यांच्या डोळ्यांचा पडदा झिजत जाऊन ती आंधळी होत होती. उणीव होती टॉरिन या द्रव्याची. हे द्रव्य मांसात आणि माशांत असते, धान्यात नसते, आणि गाईच्या दुधात नावापुरते असते. उकळल्यावर ते पाण्यात उतरते. पाणी फेकून दिले की तेही गेले. डोळे मिटून दूध पिणाऱ्या मांजरीची म्हण आठवली की या शोधाने अंगावर काटा येतो. निव्वळ दुधावर ठेवले तर ते डोळे कायमचेच मिटायचे.

यावर कोणी म्हणेल, की मग विकतचे खाद्य घ्यावे, ते तज्ज्ञांनी तयार केलेले असते. तोही भरवसा एकदा फसलेला आहे. १९८७ साली कॅलिफोर्निया विद्यापीठातील पॉल पिऑन यांनी दाखवून दिले, की हृदय फुगून निकामी होण्याच्या रोगाने मरणारी पुष्कळ मांजरे नामांकित विकतच्या खाद्यावरच वाढलेली होती. त्या काळच्या नियमांप्रमाणे ते खाद्य परिपूर्ण होते. उणे होते ते शरीरात पोचणारे टॉरिन. ते पुरवताच मरणपंथाला लागलेली मांजरे बरी झाली. त्यानंतर उत्पादकांनी टॉरिनचे प्रमाण वाढवले आणि हा रोग झपाट्याने मागे हटला. तेव्हा किंमत आणि गुण यांची गाठ वाटते तितकी घट्ट नाही. महाग पिशवीतील मांजरेही मेली होती.

आता इच्छापोरच्या दुकानातल्या पिशव्यांकडे पुन्हा पाहता येईल. पिशवीच्या दर्शनी बाजूवर वाचण्यासारखे काही नसते. वाचायचे ते मागच्या बारीक अक्षरांत. घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने असते. पहिल्या नावांत मासा किंवा कोंबडी आहे की मका आणि गहू आहे, टॉरिनचा उल्लेख आहे की नाही, आणि हे खाद्य मांजराचा संपूर्ण आहार आहे की नुसता चवीचा पूरक पदार्थ, एवढे पाहिले तरी निम्मे काम होते. प्रथिनांचे आकडे मात्र फसवे असतात. ओल्या खाद्याच्या पुडीवर १० टक्के प्रथिने लिहिलेली असतात आणि कोरड्या दाण्यांच्या पिशवीवर ३० टक्के. वाचणाऱ्याला दुसरे तिप्पट चांगले वाटते. पण ओल्या खाद्यात ७८ टक्के पाणी असेल तर उरलेल्या २२ भागांत १० भाग प्रथिने, म्हणजे सुमारे ४५ टक्के झाली. कोरड्यात १० टक्के पाणी धरले तर ९० भागांत ३०, म्हणजे ३३ टक्के. पाणी वजा केल्याशिवाय तुलना करणे म्हणजे ताक आणि खवा एकाच मापाने मोजणे होय.

भावाचेही तसेच. किलोचा भाव पाहून उपयोग नाही, दिवसाचा पाहावा. चार किलो वजनाच्या मोठ्या मांजराला दिवसाकाठी २०० ते २५० कॅलरी पुरतात. बऱ्या प्रतीचे कोरडे खाद्य १०० ग्रॅमला ३५० ते ४०० कॅलरी देते, म्हणजे रोज सुमारे ६० ग्रॅम. एक किलोची पिशवी साधारण सोळा दिवस जाते. हलक्या खाद्यात भर अधिक असेल तर तेच मांजर अधिक खाते आणि पिशवी लवकर संपते. स्वस्ताईतला पुष्कळ भाग तेथेच नाहीसा होतो. शेजारच्या कुत्र्याचे खाद्य मांजराला घालणे ही तर खोटी काटकसर. कुत्र्याच्या शरीरात टॉरिन तयार होते, म्हणून त्याच्या खाद्यात ते घालण्याचे बंधन नसते.

पिशवीशिवाय दुसरा मार्ग नाही काय? आहे, आणि तो समुद्राकडून येतो. कोळीवाड्यातल्या मांजरांनी टॉरिनचे नाव न ऐकता ते पिढ्यान्पिढ्या खाल्ले. कोळंबी, कालवे, तिसऱ्या, लहान मासे यांत ते भरपूर असते. बाजारात मासे साफ करताना जी डोकी आणि शेपट्या बाजूला पडतात, मांदेली-तारलीसारखे जे स्वस्त मासे मोठ्या गिऱ्हाइकाच्या नजरेत भरत नाहीत, ते मांजराचे पक्वान्न. डोंबिवलीत काय, डहाणूत काय आणि सुरतेत काय, कोळणीशी ओळख असलेल्या घराला ते नगण्य खर्चात मिळते. बोंबील तर बांबूंवर ताणलेल्या दोऱ्यांवर बहुधा मिठाशिवायच वाळवतात, म्हणून सुक्या मासळीत तोच मांजराला बरा. खारवलेली मासळी नव्हे.

यालाही मर्यादा आहेत. काही कच्च्या माशांत 'ब-१' जीवनसत्त्वाचा नाश करणारे द्रव्य असते, म्हणून मासा थोडा उकडावा, काटे काढावेत, आणि उकडल्याचे पाणी टाकून न देता भातावर घालावे, कारण टॉरिन त्यातच उतरलेले असते. भात थोडा, मासा पुष्कळ. घरातल्या कालवणाचा उरलेला रस्सा मात्र घालू नये. कांदा आणि लसूण मांजराचे रक्त बिघडवतात. केवळ काळीज रोज घातले तर 'अ' जीवनसत्त्व अति होऊन पाठीचे मणके जखडतात. नुसत्या माशावरही मांजर राहू नये, कारण काटे काढलेल्या माशात चुना नाही. शहाणी गृहिणी बहुधा मध्यम प्रतीचे संपूर्ण खाद्य पायाला ठेवते आणि आठवड्यातून दोन-तीन वेळा माशाचे डोके उकडते. कोरड्या दाण्यांवरच्या मांजराला पाणी कमी पडते, बोक्याची लघवी अडण्याची भीती राहते. माशाचे ते कोमट पाणी तेथेही कामी येते.

सुवाळी-हजिऱ्याच्या बाजूला आता मोठे धक्के आणि कारखाने आहेत आणि किनाऱ्यावरची मासेमारी पूर्वीसारखी राहिलेली नाही. गुजरातच्याच किनाऱ्यावर, वेरावळकडे, डोकी-शेपट्या आणि हलकी मासळी कारखान्यांत जाऊन तिची कुटी होते. इकडे दुकानातल्या मांजराच्या खाद्याच्या पुष्कळ पिशव्या थायलंडहून येतात. तेथे टूना मासा माणसांच्या डब्यांत भरल्यावर जे उरते त्यापासून मांजराचे जेवण बनवण्याचा मोठा उद्योग आहे. इच्छापोरच्या एखाद्या घरात सायंकाळी पिशवी उघडली जाते, माशाचा वास दरवळतो, आणि खिडकीत बसलेले मांजर उडी मारून खाली येते. त्या माशाने दोन समुद्र ओलांडलेले असतात. सुवाळीचा किनारा मात्र त्या खिडकीपासून हाकेच्या अंतरावर आहे.